मेन पाडला, तरी आग विझेना: लालबागमधल्या एका डीटीपी सेंटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

लालबागमधली एक जुनी चाळ. तळमजल्यावर दहा बाय अठराची खोली, वर पोटमाळा, बाहेर गॅलरी. या खोलीत गेली पंचवीस वर्षं एक डीटीपी सेंटर चालतं. एरवी लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, शाळांची हँडबिलं. श्रावण लागला की मंडळांच्या स्मरणिका. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या दीड महिन्यात येतो, हे या प्रकरणात शेवटपर्यंत लक्षात ठेवायला हवं.

मालकांना सगळी चाळ काका म्हणते, मीही तेच म्हणतो. कामाला एक ऑपरेटर ताई. शिवाय काकांचा पुतण्या, जो दिवसा नोकरी करतो आणि सीझनमध्ये रात्रपाळीला इथे बसतो. मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आहे. इथली मशीन अधूनमधून माझ्याकडे येतात. आग लागली तेव्हा मी तिथे नव्हतो, दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. त्यामुळे त्या रात्रीची हकिगत तिघांनी सांगितलेली आहे, आणि जळकं सामान मात्र मी स्वतः हाताळलेलं आहे. मंडळ, गल्ली आणि माणसांची नावं गाळली आहेत.

खोलीत दोन कॉम्प्युटर. एक बऱ्यापैकी नवा. दुसरा नऊ वर्षांचा, असेंबल केलेला, पण सगळं महत्त्वाचं काम त्याच्यावरच, कारण जुन्या मराठी फॉन्टचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही तो छोटा खटका, त्याला लावलेला. त्या मशीनचा मूळ पॉवर सप्लाय, ज्याला दुकानात सगळे एसएमपीएस म्हणतात, मे महिन्यात गेला. काकांनी लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, नवा आणला. लेबलवर ४५० वॅट, वजनाला खोबऱ्याच्या वाटीइतका. पुतण्याने घरीच बसवला. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या विजेसाठी ८ पिनांची जागा होती आणि नव्या सप्लायला ४ पिनांचाच कनेक्टर. अर्धी जागा रिकामी ठेवून तो बसतो, मशीनही चालू होतं. मी स्वतः असं अनेकदा केलेलं आहे, त्यामुळे पुतण्याला दोष देण्याचा माझा अधिकार नाही.

वायरिंग जुनं, दोन तारांचं. भिंतीतल्या सॉकेटला तीन भोकं आहेत, पण अर्थिंगच्या मोठ्या भोकामागे तारच नाही. त्या सॉकेटमधून एक्स्टेंशन बोर्ड, बोर्डातून ६०० व्हीएचा यूपीएस आणि यूपीएसमधून जुना कॉम्प्युटर. या साखळीतला यूपीएस लक्षात असू द्या.

आधीचे आठ दिवस

चतुर्थीला सतरा-अठरा दिवस होते. तक्रारी तीन होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या वेळी जाणवल्या. खरी अडचण इथेच झाली.

पहिली ताईंना. मोठ्या फाइलची पीडीएफ करायला घेतली की मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायचं. साधं टायपिंग करताना कधीच नाही. त्यांनी ते व्हायरसवर ढकललं.

दुसरी पुतण्याला. टेबलाखाली पाय लांब केला आणि उघडा अंगठा कॅबिनेटला लागला की झिणझिण्या यायच्या. त्याने पायाखाली रबरी चटई टाकली आणि विषय संपवला.

तिसरी काकांना, आणि शेजारच्या खोलीतल्या काकूंनाही. संध्याकाळी खोलीत सुक्या मासळीसारखा वास यायचा. तापलेल्या वायरिंगच्या काही प्लास्टिकना खरोखरच असा वास येतो, पण ते लालबागमध्ये कुणाच्या डोक्यात येणार? श्रावण असला म्हणून काय, चाळीतली प्रत्येक चूल तो पाळतेच असं नाही. दोन दिवस काका वरच्या मजल्यावर कोण बोंबील भाजतंय याचा शोध घेत होते. काकूंनी तर एका बिऱ्हाडाचं नावही पक्कं केलं होतं.

तिघांनी एकदा चहाला बसून या गोष्टी एकमेकांना सांगितल्या असत्या तर चित्र बदललं असतं. रिस्टार्ट आणि वास ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं होती. झिणझिण्यांचं कारण वेगळं होतं. ते पुढे सांगतो, कारण नंतर सगळा गोंधळ त्यावरूनच झाला.

गुरुवारचा निर्णय

आगीच्या आदल्या गुरुवारी मशीन एका दुपारी चार वेळा बंद पडलं. तेव्हा काकांसमोर तीन वाटा होत्या.

मशीन माझ्याकडे किंवा लॅमिंग्टन रोडला पाठवायचं. म्हणजे किमान दोन दिवस गेले, आणि ८४ पानांची स्मरणिका सोमवारी छपाईला द्यायची होती. दुसरी वाट म्हणजे डोंगल आणि फाइली नव्या मशीनवर न्यायच्या. त्यासाठी फॉन्टचं सॉफ्टवेअर नव्याने टाकावं लागलं असतं, आणि त्याची सीडी कुठे आहे हे कुणालाच आठवत नव्हतं. तिसरी वाट सोपी. मशीन तापतंय असं वाटतंय ना, मग कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि टेबलफॅन लावा.

तिसरी निवडली. फॅन लावल्यावर रिस्टार्ट थोडे कमी झाले, म्हणून उपाय बरोबर आहे अशी सगळ्यांची खात्री पटली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय हाच. फॅनने बिघाड बरा झाला नव्हता, नुसता लांबला होता. आणि पोलादी कॅबिनेट बंद असतं तर आतली आग बहुतेक आतच राहिली असती. पत्रा काढल्यामुळे तिला दार मिळालं, फॅनमुळे वारा मिळाला, आणि बाहेर वीतभर अंतरावर आर्ट पेपरच्या प्रुफांची चळत होती.

मी त्या जागी असतो तर काय केलं असतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर सोमवारची डेडलाइन मलाही दिसली असती. पण पत्रा काढलाच होता तर बॅटरी मारून आत एकदा बघायला हवं होतं. काढलेल्या पत्र्यातून तो पांढरा कनेक्टर समोर दिसतो. तो तोवर नक्कीच तपकिरी झालेला असणार.

त्या रात्री

शनिवार, रात्री साडेनऊच्या सुमारास. बाहेर पाऊस. पुतण्या जागरणाची तयारी म्हणून पोटमाळ्यावर झोपलेला. काका गॅलरीत. ताई नव्या मशीनवर जाहिरातींची पानं लावत होत्या आणि जुन्या मशीनवर पूर्ण स्मरणिकेची पीडीएफ निघत होती.

ताईंना आधी टेबलाखाली उजेड दिसला. त्या म्हणतात, कुणीतरी समई ठेवावी तसा, स्थिर. मग फट्ट असा आवाज झाला आणि पिवळा धूर कॅबिनेटच्या उघड्या बाजूने फॅनच्या वाऱ्यावर खोलीभर पसरला. प्रुफांची कड धरली.

एक्स्टेंशनचा स्विच टेबलामागे, आगीच्या पलीकडे. त्यांनी तिथे हात घातला नाही. आधी पोटमाळ्याकडे ओरडल्या, "अरे ऊठ, खाली उतर, आग लागलीय!" आणि मग दाराबाहेर काकांना हाक मारली. हा क्रम बरोबर होता. धूर वर जातो, आणि कॉम्प्युटरमधल्या बोर्डांच्या राळेत आग रोखण्यासाठी ब्रोमीनची संयुगं घातलेली असतात, त्यामुळे जळताना निघणारा धूर घशाला आणि फुफ्फुसाला जाळतो. पोटमाळ्यावरच्या माणसाकडे सगळ्यांत कमी वेळ होता.

काकांनी दारावरचा मेन पाडला. खोलीत मिट्ट काळोख झाला. शिडीवरून अर्ध्यात उतरलेल्या पुतण्याची पायरी चुकली, तो शेवटचे तीन-चार फूट घसरत आला आणि घोट्याला मुरगळ बसली. कुणीतरी गॅलरीतून मोबाइलचा टॉर्च मारला. फॅन थांबला होता. कागद जळत होते, ते समजण्यासारखं आहे. पण कॅबिनेटच्या आतली ज्योतही तशीच होती.

शेजारच्या काकू तोवर पाण्याची बादली घेऊन दारात. काका म्हणाले, "मेन पाडलाय, टाका बिनधास्त."

इथे ताईंनी काकूंचा हात धरला. काळोखात त्यांना एक आवाज ऐकू येत होता: टीं, टीं, टीं. यूपीएसचा. "काका, थांबा! यूपीएस चालू आहे."

भिंतीतून येणारी वीज बंद झाली होती, पण यूपीएसने आपलं काम चोख बजावलं होतं. वीज गेली म्हणून त्याने बॅटरीतून २३० व्होल्ट तयार करून जळत्या मशीनला पुरवणं चालू ठेवलं होतं. ज्या डब्यात पाणी ओतायचं ठरलं होतं तो डबा जिवंत होता. मी ताईंना विचारलं, तुम्हाला तेवढ्या घाईत कसं सुचलं? त्या म्हणाल्या, सुचलं वगैरे काही नाही, टीं-टीं ऐकलं की फाइल सेव्ह करायची इतकी वर्षांची सवय, त्यामुळे हात आधी कीबोर्डकडे गेला आणि मग लक्षात आलं.

यूपीएस सुदैवाने टेबलाच्या दाराकडच्या टोकाला, स्टुलावर होता. त्यांनी पुढचं बटण दाबून धरलं. आवाज थांबला, आणि तिघेही एकमताने सांगतात की पुढच्या काही सेकंदांत बोर्डावरची ज्योत आपोआप बसली. हे अगदी बरोबर आहे. मदरबोर्ड ज्या काचतंतूंच्या पत्र्यावर बनतो त्याचं नाव एफआर-४, आणि त्यातलं एफआर म्हणजे ज्वालारोधक. त्याला पेटतं ठेवायला सतत बाहेरून उष्णता लागते. ती देणारी वीज तुटली की तो विझतो. वीज चालू असेपर्यंत मात्र तुम्ही त्यावर काहीही मारा, पुन्हा पेट घेणार.

उरले कागद. ज्या मंडळाची स्मरणिका चालली होती त्यांचा मंडप पन्नास पावलांवर. तिथून दोन कार्यकर्ते नुकताच भरून आणलेला अग्निशामक घेऊन धावले. लाल सिलिंडर, एबीसी पावडरचा. पिन काढली, चार-पाच सेकंद दाबला, संपलं. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर पिवळट पिठाचा थर बसला.

नंतरचा अर्धा तास

हा भाग काका सांगायला नाखूष होते. विझल्यावर वीसेक मिनिटांनी त्यांनी मेन पुन्हा चढवला. उजेडासाठी, असं ते म्हणतात. पुतण्या म्हणतो, फाइल वाचली का बघायला त्यांनी जुन्या मशीनचं बटणही दाबून पाहिलं. काही झालं नाही, म्हणजे दुसऱ्यांदा पेटलं नाही. आतून कोळसा झालेल्या बोर्डाला पुन्हा वीज देणं म्हणजे विझवलेल्या चुलीत रॉकेल ओतण्यासारखं होतं.

अग्निशमन दलाला १०१ वर फोन कुणीच केला नाही. "एवढीशी आग, विझली पण, कशाला त्यांना त्रास." मला हे पटत नाही. लाकडी जिने आणि लाकडी पोटमाळे असलेल्या चाळीत फोन आग दिसल्याक्षणी व्हायला हवा होता. गाडी वाटेत असताना आग विझली तर तसं कळवता येतं. शिवाय फळीमागे कुठे धग उरली आहे का, हे पाहणारी माणसं ती असतात, आपण नव्हे.

तपासणीत काय दिसलं

सकाळी मी पोचलो तेव्हा गॅलरीत निकाल लागलेला होता: "वरून व्होल्टेज वाढून आलं." सॉकेटमध्ये मीटर लावला, २३४ व्होल्ट. त्या रात्री काही वेगळं होतं का हे सकाळी मोजून कळत नाही. पण त्याच एक्स्टेंशनवरचा नवा कॉम्प्युटर आणि प्रिंटर धडधाकट होते, यूपीएससुद्धा. जादा व्होल्टेज एकाच मशीनला निवडून मारत नाही.

जळलेलं मशीन गॅलरीत उजेडात ठेवलं. आगीचं मूळ शोधायला फार डोकं चालवावं लागलं नाही. प्रोसेसरच्या शेजारी, त्या ४ पिनांच्या कनेक्टरच्या जागी, साधारण रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं. कडेला बोर्डाचे थर पापुद्र्यासारखे सुटले होते, राळ जळून गेलेली आणि आतल्या काचेच्या धाग्यांचं विणकाम उघडं पडलेलं, जुन्या मच्छरदाणीचा तुकडा असावा तसं. कनेक्टरचं प्लास्टिक वितळून बोर्डाला चिकटलेलं. दोन पिवळ्या तारांचं आवरण बोटभर करपलेलं, तांबं काळंनिळं. दोन काळ्या तारा त्यामानाने ठीक. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला तर चकचकीत, जणू काही झालंच नाही.

हा प्रोसेसर पूर्ण कामाला लागला की १२ व्होल्टच्या वाटेने साधारण ९ अँपिअर खेचतो. दोन पिवळ्या तारांत वाटले तर प्रत्येकी साडेचार. जोड घट्ट आणि स्वच्छ असेल तर पिनांना हे सहज झेपतं. पण मुंबईची दमट खारी हवा, हलक्या प्रतीच्या पिना आणि एकदा कनेक्टर तिरका बसवून पुन्हा काढलेला. समजा जोडातला रोध फक्त ०.२ ओहम झाला. साडेचारचा वर्ग गुणिले ०.२ म्हणजे ४ वॅट. चार वॅटचा जुना तारेचा बल्ब खोलीत लावला तर वाचताही येत नाही, पण हेच चार वॅट तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडले की पिन भाजायला लागते. भाजली की तिची स्प्रिंग ढिली पडते, रोध वाढतो, आणखी भाजते. त्याच रोधामुळे व्होल्टेजही घसरतं: १२ पैकी ०.९ जोडातच गेले, प्रोसेसरकडे ११.१ पोचले. म्हणून काम वाढलं की रिस्टार्ट, आणि टायपिंग करताना काही नाही. ताईंचा व्हायरस तो हाच.

साधा एफआर-४ साधारण १३०-१४० अंश सेल्सिअसला नरम पडायला लागतो. बरेच दिवस भाजत राहिला की राळेचा कोळसा होतो आणि कोळशातून वीज वाहते. बोर्डाच्या पोटात १२ व्होल्टचा थर आणि अर्थचा थर एकमेकांपासून केसभर अंतरावर असतात. मध्ये कोळशाचा पूल झाला, आणि मग नुसता जोड तापण्याचा प्रश्न राहिला नाही, त्या कोळशातून अर्धवट शॉर्ट झाला.

एसएमपीएस मी दोन दिवसांनी उघडला. (तो लगेच उघडू नये. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास भार काही काळ टिकतो.) आत इनपुटच्या दोन कॉइलच्या जागी नुसते तारेचे पूल होते, आणि १२ व्होल्टच्या वाटेवर जादा प्रवाह ओळखणारी व्यवस्था मला सापडली नाही. पूर्ण शॉर्ट झाला असता तर तो कदाचित गप्प झाला असता. कोळशातून झालेला अर्धवट शॉर्ट त्याला एखाद्या तगड्या ग्राफिक्स कार्डसारखा वाटला, आणि तो इमानदारीने वीज देत राहिला.

एमसीबी का पडला नाही

काकांचा हा प्रश्न अगदी योग्य होता. "भाऊ, दोन वर्षांपूर्वी चांगल्या कंपनीचा एमसीबी बसवला. मग तो कशासाठी?"

एमसीबी म्हणजे जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच. इथला १६ अँपिअरचा. त्याच्या रचनेप्रमाणे १६ च्या १.४५ पट, म्हणजे २३ अँपिअर वाहिले तर तो तासाभरात पडायला बांधील असतो. झटकन पडायला त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. जळणारा बोर्ड, फार धरा, अडीचशे-तीनशे वॅट खात होता. सप्लायमधला तोटा धरूनही २३० व्होल्टच्या बाजूने हे होतात दीड अँपिअरच्या आसपास. इस्त्री याच्या दुप्पट घेते. एमसीबीच्या नजरेने त्या खोलीत त्या रात्री काहीही वावगं घडलेलं नव्हतं. आरसीसीबी असता तर तोही गप्प बसला असता, कारण तो बाहेर गळणारी वीज पकडतो, आणि इथे वीज गळत नव्हती, आल्या वाटेने परत जात होती.

"पण १२ व्होल्टने आग?" हे मला त्या आठवड्यात पाच जणांनी विचारलं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टचीच असते, तिच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर काय होतं ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून आपण त्याला निरुपद्रवी समजतो. हे फक्त स्वस्त मालाचं दुखणं आहे असंही नाही. एनझेडएक्सटी या कंपनीचं एच१ नावाचं महागडं कॅबिनेट २०२१ मध्ये परत मागवावं लागलं, कारण त्यातला एक स्क्रू आतल्या पट्टीवरच्या १२ व्होल्टला कॅबिनेटशी जोडू शकत होता. कंपनीने आधी नायलॉनचे स्क्रू वाटले होते, तेवढ्याने भागलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी आसुसने कबूल केलं की त्यांच्या झेड६९० हीरो या मदरबोर्डांपैकी काहींवर एक कपॅसिटर उलटा बसला होता. जळलेल्या बोर्डांचे फोटो जगभर फिरले होते.

झिणझिण्यांचं काय

ज्या वायरमनला काकांनी बोलावलं, तो म्हणाला, अर्थिंग नाही म्हणून आग लागली. हे चूक. अर्थिंग असती तरी ही आग लागलीच असती. पण अर्थिंग नाही म्हणून झिणझिण्या येत होत्या, हे बरोबर. एसएमपीएसमधले छोटे कपॅसिटर थोडीशी वीज बॉडीकडे सोडतात, ती अर्थमधून निघून जावी अशी रचना असते. अर्थ नसेल तर कॅबिनेट जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. प्रवाह मिलिअँपिअरच्या आतबाहेर, त्यामुळे नुसत्या मुंग्या. पण उद्या आतली फेजची तार बॉडीला टेकली तर मुंग्यांवर भागणार नाही.

आग आणि अर्थिंग हे दोन वेगळे बिघाड एका खोलीत नांदत होते. आगीच्या निमित्ताने दुसरा सापडला, म्हणून दोन्ही सोडवायचे ठरले.

दुरुस्तीचे पर्याय

वायरमनचा पहिला तोडगा पाच मिनिटांचा आणि फुकटचा: सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिना एका तारेने जोडून टाकायच्या. झिणझिण्या खरंच थांबतात, टेस्टरही पेटत नाही, गिऱ्हाईक खूश. मी हे होऊ दिलं नाही. जुन्या वायरिंगमध्ये मागे कुठे न्यूट्रल तुटला तर कॅबिनेट, प्रिंटर, सगळ्या बॉड्यांवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. त्यावरून आमची थोडी जुंपली. तो म्हणाला, अर्ध्या चाळीत मीच असं करून दिलंय. तेच ऐकून मला जास्त भीती वाटली.

दुसरा पर्याय, नुसता ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अर्थिंग नसतानाही तो माणसातून जाणारी वीज ओळखून तोडतो, त्यामुळे हा अर्धा का होईना खरा उपाय. तिसरा, मीटर रूमपासून अर्थची वेगळी तार ओढून खोलीचं वायरिंग नव्याने करायचं. खर्चिक, आणि गणपतीच्या तोंडावर कारागीर मिळणार नाही.

ठरलं ते असं: आरसीसीबी त्याच आठवड्यात, वायरिंग दिवाळीनंतर.

काय केलं

सगळ्यांत आधी हार्ड डिस्क. ती कॅबिनेटच्या पुढच्या भागात होती, धुराने काळी झालेली पण शाबूत. पुसून, माझ्या दुकानातल्या मशीनला जोडून फाइली काढल्या. शनिवारी संध्याकाळपर्यंतचं काम मिळालं. फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी काकांच्या देव्हाऱ्याच्या खणात निघाली. नवं मशीन, डोंगल, दोन रात्री. स्मरणिका तीन दिवस उशिरा छपाईला गेली आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री मंडपात पोचली.

वायरिंग करताना एक बदल ताईंच्या सांगण्यावरून झाला आणि मला तो सगळ्यांत आवडला. कॉम्प्युटरच्या सॉकेटना वेगळा एमसीबी, दारालगत, हात पोचेल असा, आणि दिव्यांची लाइन वेगळी. पुन्हा कधी काही झालं तर वीज तोडताना उजेड जाणार नाही आणि शिडीवरचा माणूस पडणार नाही. यूपीएस दाराजवळच ठेवला, त्याच्या बटणावर लाल चिकटपट्टी. दाराशी कार्बन डायऑक्साइडचा छोटा अग्निशामक टांगला. जुन्या मशीनच्या जागी नवं आलं, ८ पिनांच्या कनेक्टरचा, जड एसएमपीएस घेऊन.

परिणाम

माणसांचं नुकसान: पुतण्याचा घोटा आठ दिवस सुजलेला, ताईंना दोन दिवस खोकला. मी म्हटलं डॉक्टरांना दाखवा, त्यांनी काढा घेतला. सामानाचा विमा नव्हता.

एक नुकसान मात्र माझ्या चुकीने झालं. एबीसी पावडर आगीला उत्तम आणि इलेक्ट्रॉनिक्सला वाईट. तिच्यात अमोनियमचा फॉस्फेट क्षार असतो, तो हवेतलं पाणी धरतो आणि ओला झाला की धातू खातो. त्या सकाळी मी नव्या मशीनवर वरवर ब्लोअर मारला, सुरू करून पाहिलं, चालतंय म्हणून सोडून दिलं. डोकं सगळं हार्ड डिस्कमध्ये. बाहेर धो धो पाऊस, खोलीत ओल. ऑक्टोबर उजाडता उजाडता ते बंद पडलं. उघडलं तर रॅमच्या खाचेत हिरवी बुरशी धरावी तसं तांबं खाल्लेलं. लेझर प्रिंटरही त्याच वाटेने गेला. पहिल्याच दिवशी दोन्ही पूर्ण खोलून साफ करायला हवे होते. त्या दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

मे महिन्यात एसएमपीएस घेताना वजन आणि कनेक्टर बघितला असता. गुरुवारी पत्रा काढल्यावर आत बॅटरी मारली असती. वास आला तेव्हा वरच्या बिऱ्हाडाऐवजी टेबलाखाली वाकून पाहिलं असतं. हे तिन्ही मागे वळून पाहताना सोपं वाटतं, आणि मी मुद्दाम काकांना तसं म्हणालो नाही.

रात्रीची मशीन ते शटडाउन करून जात, पण बटणं चालूच. शटडाउन केलेल्या मशीनच्या बोर्डावरही स्टँडबायचे ५ व्होल्ट राहतात, एसएमपीएसला वीज आहे तोवर. तेवढ्यावरही एखादा बिघाड रात्री दोन वाजता, कुलूपबंद खोलीत धुमसत राहू शकला असता, आणि टीं-टीं ऐकायला कुणी नसतं. आता निघताना ताई आधी यूपीएस आणि मग दारालगतचा एमसीबी पाडतात.

चाळीतल्या बाकीच्या खोल्यांचं वायरिंग तसंच आहे, दोन तारांचं. मीटर रूमपासून अर्थ ओढायचा विषय काकांनी चाळ कमिटीच्या सभेत मांडला, आणि न्यूट्रलला जोडून दिलेल्या सॉकेटांचाही. पहिल्यावर वर्गणी किती यावरून चर्चा पुढच्या सभेवर गेली. दुसऱ्यावर कुणी काही बोललं नाही. नेमक्या कुठल्या खोल्यांत तसं केलंय याची यादी वायरमनकडे नाही, म्हणून पुढच्या रविवारी मी आणि पुतण्या मीटर घेऊन एकेक सॉकेट उघडून बघणार आहोत. तळमजल्यावर चौदा खोल्या आहेत.